काटक आणि शेलाटा

बारीक अंगाच्या माणसाला मराठी एका शब्दावर सोडत नाही. त्याची उंची किती, तो डोळ्यांना बरा वाटतो की नाही, अंगात जोर आहे का, घरात खायला आहे का, हे सगळं ती एकेका विशेषणात सांगून टाकते. उंच आणि बारीक, हातपाय लांब, चालण्यात एक डौल, असा माणूस शेलाटा. डौलापेक्षा चपळाई जास्त असेल तर शिडशिडीत. लग्नाच्या जाहिरातीत हाच बारीकपणा सडपातळ होतो, आणि तरुण मुलीच्या कौतुकात चवळीची शेंग. तोल जरा ढळला की किडकिडीत, आणखी ढळला की लुकडा, हाडकुळा, मरतुकडा. कीव आणि हेटाळणी एकत्र आली की पाप्याचं पितर. ‘फाटक्या अंगाचा’ हा शब्दप्रयोग तर मला विलक्षण अचूक वाटतो, कारण त्यात कपडा कुठे संपतो आणि शरीर कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. या सगळ्या गोतावळ्यात एक शब्द मात्र दिसण्याबद्दल काहीच बोलत नाही. तो म्हणजे काटक. काटक माणूस बारीक असतो हे धरूनच चालायचं. तो उंच की बुटका, देखणा की कुरूप, हे सांगायची गरज पडत नाही. सांगायचं असतं ते एवढंच, की हा टिकतो. ऊन, चढण, ओझं, उपास, काहीही येवो, हा मोडत नाही.

हा शब्द आपण कोणाला लावतो ते पाहण्यासारखं आहे. शिवाजी महाराजांचे मावळे काटक असतात. आपल्या शालेय वयापासून ‘चपळ’ आणि ‘काटक’ ही जोडी त्यांच्यासाठी ठरून गेली आहे, आणि या शब्दाला जो मान आहे तो बराचसा तिथून आलेला आहे. ऐंशीच्या घरातली, अजून स्वतःचं पाणी स्वतः भरणारी म्हातारी काटक असते. हमाल, मेंढपाळ, डोंगरातली माणसं काटक असतात. आणि आदिवासी तर काटक असतातच. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या कुठल्याही पाड्याबद्दल शहरी माणसाने लिहिलेलं वाचा, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात हा शब्द भेटतो. पण मुंबईच्या व्यायामशाळेत घाम गाळून पोट सपाट केलेल्या तरुणाला आपण काटक म्हणत नाही, तो ‘फिट’ असतो. डॉक्टरच्या मुलीला काटक म्हणत नाही, ती सडपातळ असते. म्हणजे या शब्दात शरीराचं वर्णन कमी आणि त्या शरीराकडून असलेली अपेक्षा जास्त आहे. ज्याच्याकडून कष्टाची अपेक्षा आहे, आणि ज्याच्या ताटात काय पडतं याची चौकशी आपण करणार नाही, त्याच्या बारीकपणाला आपण हे नाव देतो. माझं म्हणणं असं, की काटक हे विशेषण माणूस काय करतो याबद्दल खरं असू शकतं. त्याचं शरीर कसं आहे याबद्दल ते फार वेळा खोटी ग्वाही देतं.

मनोरसारख्या गावाच्या संदर्भात हा फरक ठळक होतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं हे गाव. इथून एक रस्ता पश्चिमेला पालघरकडे उतरतो आणि पुढे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना मिळतो, दुसरा पूर्वेला वाड्याच्या बाजूला जातो. बाजाराला येणारी माणसं आसपासच्या पाड्यांवरची, वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा. राब भाजण्यापासून आवणीपर्यंत आणि कापणीपासून झोडणीपर्यंत भातशेतीचं सगळं काम अंगावर घेणारी ही माणसं. दिवाळी झाली की यांतली कितीतरी घरं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा रेती-बांधकामाच्या कामांवर जातात. या जाण्याला जव्हार-मोखाड्यापासून इथपर्यंत एकच बोल आहे: ‘जगायला जाणं’. कामाला जाणं नव्हे, कमवायला जाणंही नव्हे. वीटभट्टीवर माती तुडवायची, साच्यात थापायची, सुकलेली वीट पाठीवर-डोक्यावर वाहायची, आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचं. मग आवणीचे दिवस, घरातलं धान्य संपत आलेलं. अशा वर्षाच्या चाकातून जी शरीरं तयार होतात ती बारीक असतात, चिवट असतात, आणि दिवसभर ओणवं राहून चिखलात रोपं लावू शकतात. त्यांना काटक म्हणणाऱ्याला दिसतं ते खरंच दिसतं. प्रश्न न दिसणाऱ्याचा आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, बारीक असणं हा या माणसांचा निसर्गच आहे. उष्ण प्रदेशात शरीर सडसडीत आणि हातपाय लांब असतात, कारण त्यातून उष्णता लवकर बाहेर पडते; जोएल ॲलन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये प्राण्यांबद्दल मांडलेला हा नियम माणसांनाही बऱ्याच अंशी लागू पडतो. नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यातले डिंका लोक जगातल्या सर्वांत उंच आणि शेलाट्या माणसांत मोडतात. ते गुराखी आहेत, आणि त्यांच्या आहारात दुधाला मोठं स्थान आहे, हे या उदाहरणातलं वाक्य मात्र सहसा गाळलं जातं. हवामान शरीराला कल देतं. तो कल प्रत्यक्षात उतरायला अन्न लागतं. आणि माणसाच्या शरीरात अन्नाचा हिशेब सर्वांत स्पष्ट लिहिला जातो तो पायांत. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत धडापेक्षा पाय वेगाने वाढत असतात, त्यामुळे त्या काळात खाणं कमी पडलं, जुलाब-ताप वारंवार आले, की सर्वांत आधी पायांची लांबी कापली जाते. धड आपली वाढ त्यामानाने राखतं. ग्वाटेमालातल्या माया लोकांची जी कुटुंबं अमेरिकेत स्थायिक झाली, त्यांच्या मुलांची उंची बॅरी बोगिन आणि सहकाऱ्यांनी मोजली. ग्वाटेमालातल्या माया मुलांपेक्षा ती सरासरी साडेअकरा सेंटीमीटर उंच भरली, आणि या वाढीतले जवळजवळ सात सेंटीमीटर एकट्या पायांचे होते. वंश तोच, पूर्वज तेच. बदललं ते पाणी, दवाखाना आणि ताट.

आता हे मराठी शब्दांकडे परत आणून पाहावं. शेलाटा आणि काटक हे दोन्ही बारीक माणसाचे शब्द, आणि दोन्ही कौतुकाचे. पण शेलाटा होण्यासाठी पाय लांब लागतात, आणि लांब पायांमागे बालपणीचं पुरेसं जेवण असतं. शेलाटेपणा हा भरल्या घरातला बारीकपणा आहे. त्या माणसाने लहानपणी खाल्लं, तो उंच झाला, आणि मग बारीक राहिला. काटक शब्दाला उंचीची अट नाही, आणि ही सूट वाटते तितकी निरागस नाही. उंची विचारली नाही की बालपण विचारावं लागत नाही. पालघरच्या पूर्वेकडच्या पाड्यांवरची प्रौढ माणसं बरीचशी ठेंगणी आहेत. त्यांच्या बारीकपणाला आपण काटक म्हणतो, तेव्हा ठेंगणेपणाचा मुद्दा आपोआप बाजूला पडतो. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र हादरला. ते गाव आजच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यात. जी मुलं तेव्हा गेली त्यांची बातमी झाली. जी जगली ती आज तिशी ओलांडलेली माणसं आहेत, आणि त्यांतली कितीतरी काटक या शब्दाखाली मोजली जात असतील.

‘आमच्यात मुलं अशीच असतात’ हे वाक्य आईबापांच्या तोंडीही असतं आणि सरकारी माणसाच्या तोंडीही. त्याचं उत्तर आता मोजून मिळालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची नवी प्रमाणं प्रसिद्ध केली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली, सुस्थितीतल्या घरांतली. पुरेसं खाणं, आईचं दूध, स्वच्छ परिसर मिळाल्यावर पहिल्या पाच वर्षांत या सगळ्या देशांतली मुलं जवळजवळ सारखीच उंच वाढतात, असं त्यातून दिसलं. देशादेशांतला फरक किरकोळ, एकाच देशातल्या घराघरांतला फरक मोठा. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता या प्रमाणांवर उभा आहे. पण त्या तक्त्यातही एक अडचण आहे, आणि ती काटक या शब्दासारखीच आहे. सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, ही वर्गवारी मुख्यतः उंचीच्या मानाने वजन किती यावर होते. सोबतीला दंडाची पट्टी असते: डाव्या हाताचा खांदा ते कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची, घट्ट आवळायची नाही, सैल सोडायची नाही, आणि खाचेत आकडा वाचायचा. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला तर लाल रंग, साडेबाराच्या आत तर पिवळा, पुढे हिरवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी ही पट्टी जीव वाचवणारी आहे, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी मिळालेलं मूल उंचीलाही कमी राहतं आणि वजनालाही. त्याची उंची आणि वजन एकमेकांना शोभतात. उंचीच्या मानाने वजन पाहिलं तर ते ठीक निघतं, पट्टीही हिरवी दाखवू शकते. डोळ्यांना ते बारीकसं, चुणचुणीत, चपळ मूल दिसतं. खुंटलेली वाढ दिसते ती वयाच्या मानाने उंची पाहिल्यावर, आणि त्यासाठी मुलाची जन्मतारीख नीट नोंदलेली लागते, उंची मोजायची फळी सरळ लागते, आणि कोणीतरी ते मुद्दाम पाहावं लागतं.

बारीक माणूस म्हणजे चरबी नसलेला, सगळा स्नायू आणि शिरा, हा काटक शब्दातला दुसरा समज. तोही महाराष्ट्रातच तपासला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मत होती, इंग्लंडमधली त्यांच्या तुलनेला घेतलेली बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांत सर्वांत कमी भरले ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र शरीराने बरीचशी राखून ठेवलेली. वरून बारीक, आतून तसं नाही. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण ठेवलं: उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, २२.३, आणि शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनची ९.१ टक्के. भट्टीवर राबणाऱ्या माणसाचं शरीर आणि डॉक्टरचं शरीर सारखं नसतं हे उघड आहे. मुद्दा इतकाच, की नुसता बांधा पाहून शरीराच्या आतल्या ताकदीचा दाखला देता येत नाही. आपला डोळा ते काम करू शकत नाही, मग विशेषणाने तरी ते का करावं?

या भागातल्या बारीक माणसाची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा त्याने स्वतःच काढलेली आहे, आणि दुसरा आक्षेप तिच्या आधाराने घेता येतो. वारली चित्रातली माणसं पाहा: तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरूने सारवलेली भिंत, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की धड झालं. कंबर म्हणजे दोन टोकांचा स्पर्श, एका ठिपक्याएवढा. डोकं म्हणजे वर्तुळ, आणि हातपाय एकेका रेषेचे, लांब, गुडघ्यात आणि कोपरात वाकलेले. तारपा वाजवणाऱ्याभोवती हात गुंफून फिरणारी ती रांग पाहिली की कोणालाही वाटेल, हे लोक स्वतःला असंच पाहतात, बारीक, लांब हातपायांचं; मग बाहेरच्याने त्यांना काटक म्हटलं तर बिघडलं काय? पण ही माणसं देहाचं चित्र नाहीतच. त्याच चित्रांत नवरा-नवरी आहेत, ताडावर चढणारा आहे, मासे धरणारी बाई आहे, आणि सगळ्यांचा बांधा तोच. खाऊनपिऊन सुखी कोण आणि उपाशी कोण, हे त्या दोन त्रिकोणांवरून ओळखता येत नाही, कारण ते सांगायचंच नाही. रेषेला जाडी दिली असती तर हालचाल मेली असती. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी (जन्म १९३४, पद्मश्री २०११, मृत्यू २०१८) लग्नाच्या भिंतीवरची ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली. त्यांच्या चित्रांत लक्ष जातं ते अंगकाठीकडे नाही, तर कोण काय करत आहे याकडे: कोणी झोडतो आहे, कोणी जाळं ओढतो आहे, कोणी वाकून उचलतो आहे. वारली चित्रकाराने लांब हातपाय दिले ते कामाला आणि नाचाला. खऱ्या हातापायांची लांबी हा वेगळा प्रश्न आहे आणि तो भिंतीवर सुटणार नाही. उलट मला वाटतं, काटक हा शब्द वापरायचाच असेल तर त्या चित्रासारखा वापरावा: कृतीसाठी, देहाच्या दाखल्यासाठी नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत मनापासूनचा असतो. या भागातल्या आणि शेजारच्या डोंगरातल्या माणसांना आपल्या चिवटपणाचा अभिमान आहे. तो तुम्ही कुपोषणाच्या आकड्यांत बुडवून टाकणार का? धावपटू कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्याची, पालघरच्या हद्दीपासून फार लांब नाही. तिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. तिच्याबद्दल काटक म्हणायचं नाही तर कोणाबद्दल? जरूर म्हणावं. ती धावली, आणि जगाने वेळ लावून ते मोजलं. पण तिच्या पदकावरून सगळ्या पाड्याच्या पोषणाला प्रमाणपत्र देऊ नये. ती नाशिकला आली, प्रशिक्षक मिळाला, धावपटूला लागणारं खाणं आणि सराव मिळाला, तेव्हा ती वेळ आली. डोंगर चढून पाणी आणणाऱ्या बाकीच्या मुलींना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांच्या चढण्याची वेळ कोणी लावली नाही.

आणि अभिमानाचीच गोष्ट करायची तर १९४५ ची करावी. याच पट्ट्यात, डहाणू-उंबरगाव-तलासरीच्या बाजूला, जमीनदारांकडे वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली लग्नगडी होई, आणि त्याच्यासोबत त्याची बायकोही सावकाराच्या कामाला बांधली जाई. त्या व्यवस्थेचा सगळा डोलारा एका समजुतीवर उभा होता: ही माणसं थोडक्यात भागवतात. कमी खाऊन जास्त राबण्याची ताकद हा गुण ठरला की मजुरी वाढवायचं कारणच उरत नाही. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या कामाला तिथे गेले, वेठ संपली, गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, जेठ्या गांगड त्यांतला एक. गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकिकत लिहिली. मला या लढ्यातली महत्त्वाची गोष्ट अशी दिसते, की सोसण्यात ज्यांचा लौकिक होता त्यांनीच आता सोसणार नाही असं सांगितलं. स्वतःच्या चिवटपणाबद्दल त्यांना अभिमान असेल, पण तो दुसऱ्याने आपल्या मजुरीच्या हिशेबात धरावा हे त्यांनी मान्य केलं नाही. आपण स्वतःला काटक म्हणणं आणि मालकाने, मुकादमाने किंवा लेखकाने आपल्याला काटक म्हणणं, यांत एवढं अंतर आहे.

शेवटी कोणी म्हणेल, शब्दाने पोट भरत नाही तसं शब्दाने ते रिकामंही होत नाही. विशेषणांवर कशाला एवढं बोलायचं? खरं आहे, पोट भरायला अन्नच लागतं. २०१५ पासून राज्यात अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेत दिवसाला एक चौरस जेवण देण्याची तरतूद आहे, मुलांना अंडी-केळी आहेत. त्या योजनेत धान्य वेळेवर पोचलं की नाही, जेवण शिजवणाऱ्या ताईला पैसे मिळाले की नाही, यावर पुढची उंची ठरेल, आपल्या लेखांवर नाही. पण अशा योजनेची गरज कोणाला आहे हे आधी कोणाला तरी दिसावं लागतं, आणि शब्द तिथे आडवा येतो. गुबगुबीत मूल अंग धरेनासं झालं तर घरात काळजी सुरू होते. जे मूल आधीपासून बारीक, आणि ज्याच्या बारीकपणाला एक मानाचं नाव मिळालेलं, त्याची काळजी सुरू व्हायला फार उशीर होतो. म्हणून मला वाटतं, मुलांच्या बाबतीत काटक हा शब्द मराठीने पूर्ण सोडून द्यावा. पाच वर्षांच्या मुलाला काही टिकून दाखवायचं नसतं, त्याला वाढायचं असतं. मोठ्या माणसाबद्दल तो राहू दे, पण त्याने काय केलं हे सोबत सांगून: इतकी वीट वाहिली, इतका गड चढला, इतकं अंतर धावला. आणि मनोरच्या बाजूच्या आश्रमशाळांत दर वर्षी मुलांची उंची नीट मोजून, मागच्या वर्षीच्या त्याच वयाच्या मुलांशेजारी लिहून ठेवली, तर दहा-पंधरा वर्षांत कळेल की इथली पोरं नुसती काटक राहिली, की त्यांतली काही शेलाटी होऊ लागली.